बिनपिशवीची फांदी

तोकुझोने पहिली नासपती खालून तळव्यावर घेतली, हलकेच वर उचलली आणि देठ टक्कन सुटला. एवढं त्याला येत होतं. त्याची बायको इसोए असंच करायची हे त्याने एकेचाळीस वर्षं ओसरीवर बसून, चहा पीत पाहिलं होतं. ओढायचं नाही, पिरगाळायचं नाही, नुसतं उचलायचं. पिकलं असेल तर फळ आपणहून हातात येतं. ते आलं. मग त्याने फळावरची कागदी पिशवी फिरवून पाहिली आणि झाडाच्या फांद्या पसरवलेल्या मांडवाखाली वाकलेला होता तसाच थांबला. पिशवीवर काळ्या शाईने लिहिलं होतं, ‘नोबुए’.

ही नोबुए कोण?

दुसरी पिशवी पाहिली. ‘रित्सुको’. तिसरीवर ‘सेनकिची’. जूनमध्ये फळं लिंबाएवढी असताना इसोए शिडीवर चढून एकेका फळाला पिशवी घालायची, तिच्या तोंडाची तार पिळायची आणि पिशवीवर काहीतरी खरडायची, हे त्याला माहीत होतं. त्याला वाटायचं, तारीख टाकत असेल. ती नावं होती. कुठलं फळ कुणाच्या घरी जाणार हे बाईने तीन महिने आधीच ठरवून टाकलं होतं. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, गळ्यात पंचा, मांडीवर शेंगांची परडी, अशी ओसरीवर बसल्या बसल्या ती कलंडली आणि गेली. फळं बिचारी झाडावर आपापल्या नावात फुगत राहिली.

तोकुझोने टोपली खाली ठेवली आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पिशवी वाचत गेला. त्रेचाळीस पिशव्या भरल्या. मुलीचं, चिकाकोचं नाव दोन पिशव्यांवर होतं. देवळातल्या गुरुजींचं होतं. टपाल टाकणाऱ्या बाईचंसुद्धा होतं. तोकुझोचं नाव एकाही पिशवीवर नव्हतं.

त्याने पुन्हा एकदा सगळ्या पिशव्या वाचल्या. नव्हतंच.

आता हे दुखणं आजचं नव्हतं. तोकुझो मूळचा समुद्रकाठचा, मासेमारांच्या घरातला तिसरा मुलगा, आणि या घरात घरजावई म्हणून आलेला. आडनाव सासऱ्याचं, घर सासऱ्याचं, झाडही सासऱ्याचंच. लग्नानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये, मांडवावर पांढरा फुलोरा आलेला असताना, सासऱ्याने त्याच्या हातात पिसांचा गोंडा लावलेली काठी दिली. शेजारच्या झाडाचा पराग घेऊन आपल्या फुलांना हळूच लावायचा, एवढंच काम. तोकुझोने आधी वल्ही मारलेली आणि मग बसचं चाक फिरवलेलं. त्याचं ‘हळूच’ म्हणजे काय असणार? अर्ध्या तासात त्याने मनगटाएवढी फांदी मोडली. सासऱ्याने नुसती काठी परत मागून घेतली. तेव्हापासून झाड इसोएचं आणि ओसरी तोकुझोची, अशी वाटणी झाली ती कायमची.

आणि दर सप्टेंबरला तेच. पिशव्यांतली फळं, गोरीपान, हिरवट पिवळी, एक डाग नसलेली, टोपल्यांत बसून गावभर जायची. तोकुझोच्या ताटात यायची ती ओसरीवर झुकलेल्या एका फांदीची. त्या फांदीला पिशव्या नसायच्या. तिची फळं उन्हाने करपलेली, खरखरीत सालीची, तपकिरी ठिपक्यांची. इसोए सोलून फोडी करून पुढे ठेवायची आणि म्हणायची, “खा, हीच गोड असतात.” असं तर काय, उरलेलं वाढताना प्रत्येक बायको म्हणते.

बरं, फोडी गोड असायच्या, आणि तिथेच खरी मेख होती. गावातल्या दुसऱ्यांच्या घरी गेला की त्याच्यापुढे त्यांची चांगली, पिशवीतली फळं यायची. ती दिसायला सुरेख आणि खायला पाण्याची. तेव्हा तोकुझो मनात हिशेब करायचा, की आमच्या झाडाचं डागाळलेलं फळ जर यांच्या सुंदर फळाला मागे टाकतं, तर आमच्या झाडाचं सुंदर फळ काय चीज असेल! आणि ते आपल्याला एकेचाळीस वर्षांत एकदाही मिळालं नाही. विचार अगदी सरळ होता. त्याला त्यात कुठे फट दिसत नव्हती.

या जूनमध्ये तो ओसरीवरून बोललाच होता. इसोए शिडीवर, तोंडात पिशव्यांच्या तारा धरलेली.

“गावाला गोरी फळं आणि घरच्याला देवीचे व्रण!”

“अं?” ती तारांमधून म्हणाली.

“घरजावयाला असंच असतं म्हणा. मी मेल्यावर तरी माझ्या फोटोपुढे एक धड फळ ठेव.”

तिने तोंडातल्या तारा काढून हातात घेतल्या. काहीतरी म्हणणार असं वाटलं. मग “ठेवीन हो,” एवढंच म्हणाली, पुन्हा तारा तोंडात घातल्या आणि पुढची पिशवी बांधायला लागली. ती हसत होती की रागावली होती, हे त्याला तेव्हा खालून दिसलं नव्हतं, आणि आता विचारायचं कुणाला? ती गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी गुरुजी येणार, मंत्र म्हणणार आणि इसोए इथली वाट सोडून पुढे जाणार. जाताना ती आपल्यावर रुसलेली होती की नव्हती, एवढं एकच त्याला त्याआधी कळायला हवं होतं. त्रेचाळीस पिशव्यांत आपलं नाव नाही म्हटल्यावर उत्तर जवळजवळ मिळाल्यासारखंच होतं. तरी त्याचं मन ते घ्यायला तयार नव्हतं.

मित्सुयो ही कुंपणापलीकडची शेजारीण, इसोएची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या झाडाचा पराग आणि तिची जीभ, दोन्ही या घरात मोकळेपणाने यायची. ती टोपलीत डोकावली.

“मित्सुयोसान, ही नोबुए कोण?”

“नोबुए? दगडी पुलाजवळची हो! तीस वर्षं तुमच्याच बसने कामाला जायची.”

तोकुझोने अडतीस वर्षं या खोऱ्यातली बस चालवली होती. त्याने डोळे मिटले. “दगडी पूल. सकाळी सात वीस. निळी छत्री?”

“छत्री कसली ओळखता? माणूस ओळखा!”

“आरशात तेवढंच दिसतं. आणि रित्सुको?”

“दातांच्या दवाखान्यातली.”

“दवाखाना... नेहमी सुट्टे पैसे मुठीत घेऊन चढणारी. बरं, सेनकिची तर करवतींना धार लावणारे म्हातारे. शेवटचा थांबा. ते ऑगस्टमध्ये गेले ना?”

“गेले. घराला कुलूप आहे.” मित्सुयोने ते फळ हातात घेऊन तोललं. “मोठं आहे हो. हे राहू द्या इसोएसाठी. एकोणपन्नासाव्याला तिच्यापुढे ठेवा. वरती भेटले असतील दोघं, घेतील वाटून.”

मग तोकुझो आठवडाभर टोपली घेऊन हिंडला. बस नव्हती, पाय होते. आपण एवढी वर्षं ज्या थांब्यांवर दारं उघडली त्या थांब्यांमागे घरं आहेत, घरांत माणसं आहेत आणि त्या सगळ्यांना आपली बायको आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, हे त्याला सत्तराव्या वर्षी कळत होतं. पहिल्याच दिवशी त्याने नोबुएचं फळ तिच्या सुनेला दिलं, सुनेचं नोबुएला दिलं, आणि दोघींनी अंगणात अदलाबदल करताना त्याला मध्ये उभं करून ठेवलं.

“बसा ना, तोकुझोसान,” नोबुए म्हणाली. तिने फळ आधी कपाळाशी नेलं, मग पुसलं. “दर वर्षी इथेच बसायची ती. हसून हसून मुरकुंडी वळायची आमची.”

“हसवायचं कोण?”

“इसोएसान! ती तुमची नक्कल करायची. ‘गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठू नये’, अगदी तुमच्या आवाजात.”

तोकुझोने चहाचा पेला खाली ठेवला. घरात इसोए एकेका वाक्यावर दिवस काढायची. ही नकला करणारी बाई कोण?

“आणि तुमचं कौतुक तर विचारू नका,” नोबुए पुढे म्हणाली. “आमच्याकडे फळाचा दर्दी एकच, म्हणायची. पहिलं त्यांचं, मग उरलं ते गावाचं.”

“असं म्हणायची?”

“दर वर्षी.”

घरी येताना दगडी पुलावर तो दोनदा थांबला. पहिलं त्यांचं? डोळ्यांदेखत पहिली टोपली गावात जायची! म्हणजे बाहेर एक आणि घरात एक. लोकांत नवऱ्याचा मान राखायचा म्हणून गोड बोलायची, एवढाच त्याचा अर्थ. पण इसोएला खोटं बोलता येत नव्हतं. गुरुजींनी विचारलं असतं ‘मंत्र कसे झाले’, तर ‘आज घाईत झाले’ असं तोंडावर सांगणारी बाई ती. त्याचं डोकं चालेना.

चिकाको ओसाकाहून एकोणपन्नासाव्याच्या दोन दिवस आधी आली. भांडी घासता घासता बापाचं ऐकून घेतलं आणि हात तसेच ओले ठेवून वळली.

“बाबा, तुम्ही पिशव्या मोजत बसलाय?”

“मोजल्या नाहीत. वाचल्या.”

“आई गेलीय आणि तुम्हाला तुमचं फळ पाहिजे?”

“फळ नको गं. नाव पाहिजे.” हे बोलून त्यालाच इतकी लाज वाटली की तो उठून सरळ मागच्या कोठारात गेला. तिथे काही काम नव्हतं, म्हणून शिडी उगाचच हलवली. शिडीमागे फळीवर कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा होता, दोऱ्याने बांधलेला, या वर्षीचाच. चांगल्या तीस-चाळीस असतील.

तोकुझो पालथ्या बादलीवर बसला. आजवर त्याने स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती, की ओसरीच्या फांदीपर्यंत येईतो पिशव्या संपत असतील. गरीब बिचारी समजूत, पण तिच्या आधाराने एकेचाळीस सप्टेंबर निघाले होते. पिशव्या संपल्याच नव्हत्या. उरल्या होत्या. त्या फांदीवर फळं बारा. तिने हात आखडला होता, तोही जाणूनबुजून.

तो गठ्ठा घेऊन तसाच कुंपणाशी गेला. मित्सुयो मुळे धूत होती.

“हे बघा. उरलेल्या.”

“उरतातच दर वर्षी.”

“मग त्या फांदीला का नाही बांधायची?”

“ते मला नका विचारू बाई. त्या फांदीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. तीन वर्षांमागे मी सहज एक फळ तोडलं, तर ते हातातून काढून घेतलं आणि दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मी! जिने तिला शाळेत गणितं दाखवली!”

“डागाळलेल्या फळासाठी?”

“तेच तर. बुलबुल आले की झाकण बडवत धावायची. जाळी त्याच फांदीला, पाणी आधी त्याच बाजूला. मी म्हटलं, अगं, एवढी जपतेस तर पिशवी घाल की. तर म्हणते, तुला नाही कळायचं.”

तोकुझोने मान वर करून आपल्या मांडवाकडे पाहिलं. जाळी खरंच त्याच एका फांदीवर होती. ती रोज त्याच्या डोक्यावर असायची, पण ती कशासाठी आहे हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आणखी एक दिसलं. इतर फांद्यांवर फळं वीतभर अंतराने होती, या फांदीवर हातभर अंतराने. म्हणजे मे महिन्यात तिथली कोवळी फळं तिने दुप्पट खुडून टाकली होती, उरलेल्यांना पोसण्यासाठी. जिच्यावर राग काढायचा त्या फांदीवर कुणी एवढी मेहनत करतं? आणि मेहनत करायची तर ते रूप का घालवायचं? त्याचं घोडं इथेच पेंड खात होतं. त्याने गठ्ठा कुंपणावर ठेवला, पुन्हा उचलला आणि घरी आला.

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी गुरुजी आले. तीन गाद्या मांडल्या, चिकाको, मित्सुयो आणि तो. अस्थिकलशाशेजारी इसोएचा फोटो, त्यात ती गोंधळल्यासारखी दिसत होती, कारण फोटो काढताना तोकुझोने ‘आता’ म्हणायला उशीर केला होता. फोटोपुढे सेनकिचीच्या वाट्याची नासपती, पिशवी काढलेली. डाग म्हणून नव्हता. सगळ्यांनी आधी इसोएला नमस्कार केला की फळाला, सांगणं कठीण होतं. मंत्र झाले, उदबत्त्या लावून झाल्या. गुरुजी आपल्या नावाची पिशवी घेऊन गेले, आणि तोकुझोला ज्याचं उत्तर हवं होतं ते मंत्रांत कुठे आलं नव्हतं.

“बाबा, पुढ्यातलं फळ उतरवते,” चिकाको म्हणाली. पुढ्यात ठेवलेलं घरच्यांनी खायचं असतं. तिने ते सोललं, आठ फोडी केल्या आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. “घ्या. आपल्या झाडाचं धड फळ. झालं समाधान?”

तोकुझोने फोड उचलली. एकेचाळीस वर्षं ज्याची चव त्याने मनात रचली होती ते फळ त्याने तोंडात घातलं आणि चावलं.

फोड रसाळ होती, थंड होती. आणि पाण्याची होती. अगदी नोबुएकडच्यासारखी, मित्सुयोकडच्यासारखी, खोऱ्यातल्या कुठल्याही घरच्या फळासारखी. त्याने दुसरी फोड खाल्ली, मग तिसरी.

“काय झालं?” चिकाको म्हणाली. “बरं नाहीये?”

“बरं आहे,” तो म्हणाला. “हे आपलंच ना?”

“तुम्हीच तोडलंत.”

तो उठून ओसरीवर गेला. जाळीत हात घालून त्या फांदीचं एक फळ तळव्यावर घेतलं, उचललं. ते लगेच सुटलं, जड होतं, उन्हाने कोमट. त्याला सोलता येत नव्हतं, म्हणून सालीसकट दाताने तोडलं. खरखरीत साल जिभेला लागली आणि मग सगळं तोंड गोड झालं, सप्टेंबरभर व्हायचं तसं. त्याने उरलेलं फळ चिकाकोपुढे धरलं. तिने एक घास घेतला, ताटलीतली फोड खाल्ली, परत एक घास घेतला.

“अय्या,” ती म्हणाली. “मला कधी दिलंच नाही हे.”

मित्सुयोने न विचारता हात पुढे केला आणि चाखलं. मग म्हणाली, “उघड्यावर ऊन खातं ना हो ते. पिशवीतलं आम्ही रूपासाठी सावलीत वाढवतो. देण्याघेण्याचं फळ दिसायला हवं. गोडीचं कुणी बघतच नाही. काय गं इसोए, बेरकी कुठली!”

“पण आई सांगायची की,” चिकाको म्हणाली. “हीच गोड असतात, म्हणायची. मी लहानपणापासून ऐकलंय.”

“सांगायची,” तोकुझो म्हणाला.

दर वर्षी सांगायची. त्याने ते दर वर्षी ऐकलं आणि दर वर्षी खोटं धरलं. जी बाई गुरुजींनासुद्धा खोटं सांगत नव्हती तिचं तेवढं एकच वाक्य त्याने कधी खरं मानलं नाही. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. दोघी बायका ताटलीतल्या फोडींकडे बघत राहिल्या.

मग एकाएकी त्याने विचारलं, “ती काय खायची?”

“कोण?”

“तुझी आई. मला फोडी करून द्यायची. मग ती काय खायची?”

चिकाकोने आठवून पाहिलं. “गाभा,” ती म्हणाली. “ओट्यापाशी उभ्या उभ्या गाभा चोखत असायची. मी विचारलं तर म्हणायची, बिया बघतेय, पिकलंय का ते.”

तोकुझोलाही ते दिसलं. पाठमोरी इसोए, खांद्यावर पंचा, कोपर हलतंय. बारा फळं, बाराही त्याची. तिच्या वाट्याला गाभे.

तो पुन्हा जाळीपाशी गेला. अकरा उरली होती. प्रत्येक फळ हातात घेऊन पाहिलं, सगळ्यांत जास्त करपलेलं, जास्त ठिपक्यांचं एक निवडलं, पंच्याने पुसलं आणि आत येऊन फोटोपुढे ठेवलं.

“बाबा, डागाळलेलं नसतं ठेवायचं तिथे,” चिकाको हळूच म्हणाली. “लोक येतील संध्याकाळी.”

“लोकांना पिशवीतलं दे.”

त्याने कोठारातून तो गठ्ठा आणला, दोरा सोडला, वरची कोरी पिशवी घेतली आणि मित्सुयोकडून लेखणी मागून तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘इसोए’ लिहिलं. मग फळाला पिशवी घालायला गेला आणि थांबला. घडी करून ती फळाशेजारी ठेवली, आणि फळ तसंच उघडं राहू दिलं.